निदानावांचून औषध नको
वडाळ्याजवळून जाणारा पूर्व मुक्त मार्ग २०१३ सालीं खुला झाला. गल्लीबोळांत लपलेला मोटारीचा दोष अशा मार्गावर वेग वाढतांच प्रकट होतो. १९४५ ते १९४९ या काळांत निघालेली एम. जी. टी. सी. ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार घ्या. तिचीं चाकें १९ इंची, तारेच्या आऱ्यांचीं; पुढचा आंस अखंड. स्टिअरिंग थरथरूं लागलें कीं मालक एकामागून एक सुटे भाग बदलीत सुटतो. हें निदानावांचून औषध होय.

आयुर्वेदानें रोगनिदानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. त्यांतील ‘उपशय’, म्हणजे उपाय करून पाहून रोग ओळखणें, येथें फार उपयोगी पडतो. पुढचीं चाकें त्याच बाजूस मागें लावावीं. हातांतील कंप आसनाखालीं गेला, तर दोष चाकांतच: समतोल बिघडलेला, टायर वेडावांकडा, किंवा आरे सैल. ब्रेक दाबतांच कंप येत असेल, तर ब्रेकचा ड्रम गोल राहिलेला नाहीं असें समजावें.

नंतर गाडी भक्कम टेकूवर उचलून चाक वरखालीं धरून हलवावें. हललें, तर सोबत्यास ब्रेक दाबावयास सांगावें. हालचाल थांबली, तर बेअरिंग सैल. न थांबली, तर किंगपिन झिजलेली. किंगपिन झिजली असल्यास दुरुस्तीपूर्वीं गाडी रस्त्यावर काढूं नये. हौस आपली असते. परंतु स्टिअरिंग हातचें गेलें, तर प्राण वाटसरूचा जातो.