लावणीचं ओझं बारा दिवसांत वाटा



आमचा भाचा बांधकामाच्या कंपनीत आहे. मानकोलीकडे गोदामाचं काम चालू होतं तेव्हा त्याने मोबाईलवर एक आलेख दाखवला. कामाचे एकूण तास आधी ठरवायचे, मग ते आठवड्यांवर वाटायचे. सुरुवातीला थोडे, मधे भरपूर, शेवटी पुन्हा थोडे. रेघ देवळातल्या घंटेसारखी दिसते. कुठल्या आठवड्यात किती माणसं लागणार हे त्यावरून आधीच कळतं.

मी म्हटलं, बाबा, आमच्या भाताला एक घंटा नाही, दोन आहेत. एक जुलैत लावणीची, दुसरी ऑक्टोबरात कापणीची. आणि दोन्ही घंटा उंच, अरुंद. सगळा भार चार-दोन दिवसांत.

साधा हिशोब बघा. तीन एकर भात आहे आणि एका एकराच्या लावणीला मूठ काढण्यापासून 14 मजूर-दिवस लागतात असं धरा. एकूण झाले 42. सगळा राब एकाच दिवशी टाकला, तर रोपं एकाच वेळी तयार होतात, आणि दोन दिवसांत उरकायचं तर रोज 21 माणसं हवीत. पडघा, अनगाव, अंबाडी पट्ट्यात 21 माणसं एका दिवशी कुठून आणणार? शेजारच्या दहा जणांचीही लावणी त्याच दोन दिवसांत असते.

मग आपण म्हणतो, "माणसं मिळत नाहीत, सगळी गोदामात गेली." माझं मत जरा वेगळं आहे. काल्हेर, राहनाळ, वळच्या गोदामात महिनाभर काम मिळतं. आपण बाईला दोन दिवस बोलावतो आणि वर म्हणतो की आली नाही. तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं?

म्हणून घंटेची उंची कमी करून बूड रुंद करायला हवं. आपल्या हातात त्यासाठी दोन गोष्टी आहेत : राब टाकायची तारीख आणि जात. हळवं, निमगरवं, गरवं ही विभागणी वाडवडिलांपासून चालत आलीय, पण आपण ती जमिनीपुरती वापरतो, माणसांच्या हिशोबाला वापरत नाही.

गरवं (सुवर्णासारखं, साधारण 145 दिवसांचं) 10 जूनला टाका. निमगरवं (जया, 130 दिवस) 17 जूनला. हळवं (कर्जत-3, 110 दिवस) 24 जूनला. रोपाचं वय अनुक्रमे 28, 25 आणि 22 दिवस धरलं तर लावणी येते 8, 12 आणि 16 जुलैला. प्रत्येक एकराला चार दिवस मिळाले. रोज 21 ऐवजी चारच माणसं, पण सलग बारा दिवस. घरातली दोन आणि बाहेरची दोन. बाहेरच्या दोघांना बारा दिवसांचा रोज नक्की मिळतो. असं काम सांगायला जाताना मान खाली घालावी लागत नाही.

आता कापणी. याच तारखांनी हळवं 12 ऑक्टोबर, निमगरवं 25 ऑक्टोबर, गरवं 2 नोव्हेंबरच्या आसपास तयार होतं. मुंबई भागातून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे. म्हणजे हळव्याचीही कापणी त्यानंतर येते.

कोणी म्हणेल, उलट करा, हळवं आधी टाका, कापणी आणखी पसरेल. पसरेल खरी. हळवं 28 सप्टेंबरला तयार होईल आणि गरवं 16 नोव्हेंबरला. कागदावर रेघ छान सपाट दिसेल, पण हळवं पावसात लोळेल आणि वरच्या खाचरातलं गरवं दाणा भरताना पाण्याला तरसेल. मजुरांची सोय बघताना पीक विसरून चालणार नाही. गोदामाच्या कामात तास पुढे-मागे सरकवता येतात, इथे मधली तारीख पाऊस ठरवतो. तो आठवडाभर उशिरा आला तर सगळ्या तारखा सरकवा, पण अंतर ठेवा. मधेच उघडीप पडली तरी एक राब कोवळा राहतो, हा वेगळा फायदा.

अडचणही सांगतो. चिखलणीला भाड्याचा पॉवर टिलर एका एकरासाठी तीनदा यायला तयार होत नाही. यावर उपाय एकट्याचा नाही. बांधाला बांध असलेल्या तिघा-चौघांनी राबाच्या तारखा मिळून ठरवायच्या, म्हणजे टिलर एका फेरीत सगळ्यांचं एकेक खाचर करतो. सावड हीच होती की. आज तुझ्याकडे, परवा माझ्याकडे. भाच्याच्या आलेखाचं काम आपले आजोबा तोंडी करत होते.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंची एसआरटी पद्धत तर लावणीची घंटाच काढून टाकते : गादीवाफ्यावर थेट टोकण. ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावी. मात्र तणाचं काम वेळेवर झालं नाही तर ओझं लावणीतून निघून बेणणीत जाऊन बसतं.

पेजवर कृषी खात्याची आणि विद्यापीठाची मंडळी आहेत, त्यांना एक विनंती. लागवडीच्या पत्रकात एकरी मजूर-दिवसांचा एकच आकडा देऊ नका. आठवड्यागणिक द्या. आम्ही अडतो ते एकूण बेरजेत नाही, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अडतो.

यंदा वहीत एवढंच लिहा : तारीख, खाचर, किती माणसं. हंगाम संपला की आपली घंटा आपल्यालाच दिसेल. तुमच्याकडे राबात किती दिवसांचं अंतर ठेवता, खाली लिहा. आमच्या तारखा चुकत असतील तर तेही सांगा.