देवाच्या घरातला हिशेब

१९१७ साली ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला येऊन त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. परक्या पैशावर आणि परक्या हुकमावर चालणारी ख्रिस्तसभा या मातीत रुजणार नाही, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ तगला नाही. टिळक कॅथलिक नव्हते. तरी आमच्या भागातल्या कुठल्याही ख्रिस्ती माणसानं विचारावा असा प्रश्न ते विचारून गेले, तो म्हणजे ख्रिस्तसभा चालवायची कुणी?

मी कॅथलिक आहे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात येतात. इथं ख्रिस्ती म्हटलं की लोकांना मिरजेचं वानलेस हॉस्पिटल आठवतं, पण ते प्रॉटेस्टंट मिशनचं. आम्ही कॅथलिक थोडे आणि विखुरलेले. कुणी रेल्वेच्या नोकरीनं आलेलं, कुणी गोव्याकडून, कुणी केरळहून, आणि कुणी पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, गावकुसाबाहेरून आलेलं. फादर एक. मिस्सा त्यांची, शाळा त्यांची, आजारी माणसाकडे जाणं त्यांचं आणि गळक्या छपराची काळजीही त्यांचीच. आपण रविवारी यायचं, दान टाकायचं, फादरांना 'जय येशू' म्हणून घरी जायचं. ही सवय मोडायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२ ते १९६५) या सवयीच्या मुळालाच हात घातला होता. त्याआधी मिस्सा लॅटिनमधून व्हायची. परिषदेनंतर ती मराठीतून होऊ लागली. भाषा बदलली हे सगळ्यांना दिसलं. त्याच परिषदेनं बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण ख्रिस्तसभेच्या कार्याचा वाटेकरी आहे असंही सांगितलं होतं, ते मात्र आमच्यापर्यंत फारसं पोचलं नाही. १९८३च्या चर्चच्या कायद्यात तर ते कलमांत लिहिलेलं आहे. कलम २१२ म्हणतं की प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकांना, आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क आहे, आणि कधी कधी ते कर्तव्यही असतं. कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका फादरांकडे सोपवलेल्या स्थानिक ख्रिस्तसभेत, अर्थसमिती असलीच पाहिजे. कलम १२८७ प्रमाणे भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना दिला पाहिजे. बंडखोरांनी छापलेलं हे पत्रक नव्हे. रोममधून आलेला हा कायदा आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या बैठकीत एका आजींनी छपराच्या पैशांचं विचारलं. बोलताना त्यांनी पदर सावरला, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "फादर, पत्र्यांसाठी आम्ही सगळ्यांनी दिलं होतं. ते किती जमलं आणि कुठं गेलं?" खोली गप्प झाली. एकदोघांनी मान खाली घातली, जणू आजी काही अभद्र बोलल्या होत्या. फादरांनी कपाटातून वही काढली, चष्मा लावला आणि पत्र्यांचं बिल, सुताराची मजुरी, टेम्पोचं भाडं असं एकेक वाचून दाखवलं. शंभरेक रुपये शिल्लक होते. सगळा हिशेब चोख होता. आजी बसल्या आणि बैठक पुढं सरकली. असा हिशेब वाचायला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं, हे माझ्या मनातून जात नाही.

काही जण म्हणतात, चर्च म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, इथं मतदान चालत नाही. श्रद्धेचं सत्य हात वर करून ठरत नाही, हे मलाही मान्य आहे. पण पत्रे कुणाकडून घ्यायचे, धर्मशिक्षणाचा वर्ग कोण घेणार, मराठी मिस्सा सकाळी सातला का आणि इंग्रजी साडेनऊला का, यात श्रद्धेचं कुठलं सत्य आहे? पॅरिश कौन्सिलला कायद्यानं सल्ल्याचाच अधिकार आहे, हेही खरं. पण सल्ला द्यायला आधी विचारलं तरी पाहिजे.

आणि कुणाला विचारायचं? आमच्याकडे वेदी सजवतात बायका, मुलांना प्रार्थना शिकवतात बायका, दुखणाईताच्या घरी डबा पोचवतात बायका. कौन्सिलमध्ये मात्र त्या मागच्या रांगेत. मुंबईत अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ख्रिस्ती बायकांचा गट उभा केला, त्याचं नाव 'सत्यशोधक'. जोतिराव फुल्यांच्या १८७३च्या सत्यशोधक समाजाचं नाव घेऊन कॅथलिक बाई आपल्या धर्मसत्तेला प्रश्न विचारते, हे साताऱ्याच्या माणसाला आपलं वाटायला हवं. जोतिरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि सत्यशोधक जलसे याच मुलखात गावोगाव झाले. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २०१० मध्ये स्त्री-पुरुष समानतेचं धोरण जाहीर केलं, त्याच्या मसुद्यातही गाजीवालांचा हात होता. धोरण चांगलं आहे. ते किती पॅरिशमध्ये वाचलं गेलं, याचं उत्तर ज्यानं त्यानं आपल्या पॅरिशपुरतं द्यावं.

दलित कॅथलिकांबद्दल मला अधिक कडक बोलावंसं वाटतं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, यावर आपण मोर्चे काढतो, आणि काढलेच पाहिजेत. पण बिशपांच्या परिषदेनं २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं, तेव्हा चर्चच्या आतही भेदभाव आहे हे कबूल केलं. सरकारकडे न्याय मागणाऱ्या हातांनी आधी आपल्या घरातली रांग सरळ करावी. लग्नाच्या जेवणात आणि कौन्सिलच्या यादीत कुणाची आडनावं दिसतात आणि कुणाची नाहीत, हे बघायला कुठला आयोग नेमायला नको.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सिनॉडची, म्हणजे ख्रिस्तसभेनं एकत्र बसून विचार करण्याची, प्रक्रिया सुरू केली. प्रत्येक धर्मप्रांतात लोकांचं ऐकायचं, हा तिचा पाया होता. ऑक्टोबर २०२३च्या रोममधल्या अधिवेशनात बायकांनी आणि प्रापंचिकांनी पहिल्यांदा मतदान केलं. ऑक्टोबर २०२४च्या अंतिम दस्तऐवजात हिशेब, पारदर्शकता आणि सहभाग यांवर स्पष्ट भर आहे. फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी गेले. पण तो दस्तऐवज राहिला आहे, आणि त्याची अंमलबजावणी २०२८च्या ऑक्टोबरपर्यंत चालायची आहे. तोवर रोमची वाट पाहत बसायचं कारण नाही.

आमच्या पॅरिशमध्ये येत्या महिन्यात कौन्सिलची निवड आहे. आम्ही काही जणांनी मिळून फादरांना अर्ज दिला आहे. वर्षाचा जमाखर्च मराठीत लिहून दाराशेजारच्या फलकावर लावावा, अर्थसमितीत दोन बायका असाव्यात, आणि गावकुसाबाहेरच्या घरांतून किमान एक नाव यादीत यावं, एवढंच त्यात आहे. अर्जावर पहिली सही त्या आजींची आहे. फादर म्हणाले, बैठकीत ठेवतो. बैठक मिस्सेनंतर, शाळेच्या हॉलमध्ये. या भागातल्या ज्या ज्या पॅरिशमध्ये असा अर्ज अजून गेलेला नाही, तिथल्यांनी आमचा मसुदा घेऊन जावा, हवा तसा बदलावा.