मजुरी ठरते तिथे बाई हवी

दसरा झाला की बीड, धाराशिव, जालना भागातल्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा त्यांतली कित्येक कुटुंबे फडाशेजारच्या कोपीत दिवाळी करत असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल कोयत्याला, टनाचा हिशेब कोयत्याचा, आणि व्यवहार नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून नेऊन गाडी भरते. तिच्या नावाची मजुरी मात्र कुठेच लिहिलेली नसते. ती आजारी पडली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो; तेवढ्यापुरती ती हिशेबात येते.

हे बदलता येत नाही असे कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमीची कामे गावोगाव निघाली, १९७७ साली त्यांचा कायदा झाला. पाझर तलावावर, खडी फोडायला आलेल्या बाईला पुरुषाइतकाच दर मिळाला, हजेरीपटावर तिचे नाव लागले. घर तेच, नवरा तोच. नियम वेगळा होता.

मग उसाच्या फडात तसा नियम का झाला नाही? आमचे उत्तर असे, की जिथे मजुरी ठरते तिथे बाया जवळजवळ नाहीतच. आपण त्यांना निम्मी जागा दिली ती ग्रामपंचायतीत, २०११ पासून. तिचा उपयोग होतो, यात शंका नाही. अर्थशास्त्रज्ञ रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांतल्या पंचायती तपासल्या, तेव्हा सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला दिसला. पण ग्रामपंचायत पाणी देऊ शकते, टनाचा दर नाही. तो ठरतो साखर संघ आणि कामगार संघटनांच्या वाटाघाटीत, लवादापुढे. सहकारी कारखान्याच्या संचालक मंडळात बायांना राखीव जागा दोन. किमान वेतन राज्य सरकार ठरवते, आणि गेल्या दोन निवडणुकांत विधानसभेच्या २८८ जागांपैकी दहा टक्केही स्त्रियांकडे गेल्या नाहीत. लोकसभा-विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ साली झाली खरी, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली आहे.

निर्णय होतो त्या खोलीत बाई पोहोचली की काय होते, याची दोन उदाहरणे जवळचीच आहेत. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा वाचून आजही हात थांबतो. खाडा परवडत नाही, पाळी आणि अंगावरची दुखणी घेऊन मोळी उचलावी लागते, अशा जगण्याशी त्याचे नाते होते, आणि ते सरकारदरबारी आकड्यांत मांडले गेले. दुसरे उदाहरण २०२४ च्या जानेवारीचे. कामगारांच्या बाजूने भाजप नेत्या पंकजा मुंडे वाटाघाटीत होत्या, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. ती मोलाचीच होती. तरी ती वाढही कोयत्याचीच झाली; बाईचा निम्मा वाटा तिच्या नावे लिहिला गेला नाही. एखादी महिला नेता खोलीत असणे पुरत नाही. मोळी उचलणाऱ्या बायांच्या प्रतिनिधी तिथे बसल्या पाहिजेत, दोन-चार नव्हे, चांगल्या निम्म्या.

म्हणून या दिवाळीत आमचे मागणे थेट आहे. ऊसतोड बाईची नोंद स्वतंत्र व्हावी, तिच्या वाट्याची मजुरी तिच्या बँक खात्यात जमा व्हावी, आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा बंद व्हावा, आणि दराच्या प्रत्येक वाटाघाटीत तोडणीवाल्या बायांना जागा मिळावी. वाचकांपैकी कितीतरी जण कारखान्याचे सभासद आहेत. येत्या वार्षिक सभेत हा विषय लेखी मांडा. आणि मत मागायला जो उमेदवार दारात येईल, त्याला हे चारही प्रश्न विचारल्याशिवाय जाऊ देऊ नका.