सिम्युलेटर घरी, तारा प्रयोगशाळेत

खाप्यातून एसटीने नागपूरला ये-जा करून डिप्लोमा शिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला मायक्रोकंट्रोलरच्या प्रॅक्टिकलचे आठवड्यात मोजकेच तास येतात. ते ब्रेडबोर्डवर तारा जोडण्यात घालवायचे की संगणकावरच्या सिम्युलेटरवर, हा त्यांच्यासाठी महत्त्वाचा प्रश्न आहे.

सिम्युलेटरची बाजू भक्कम आहे. 'वोक्वी' हा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो, चिप जळत नाही, आणि गाडी चुकण्याची धाकधूक न बाळगता रात्री घरी तोच प्रोग्राम हवा तितक्यांदा चालवता येतो. 8051 या मायक्रोकंट्रोलरचा टायमर समजायला तर 'कायल'चा सिम्युलेटर बोर्डापेक्षा सरस. त्या चिपला 11.0592 मेगाहर्ट्‌झचा विचित्र आकड्याचा क्रिस्टल का लावतात? त्याला 12 ने आणि मग 32 ने भागलं की 28,800 उरतात. त्याचा तिसरा हिस्सा नेमका 9,600, म्हणजे सिरियल पोर्टचा नेहमीचा बॉड रेट. हे गणित प्रोग्राम मध्येच थांबवून, रजिस्टरमधले आकडे बदलताना बघितले की पक्कं बसतं. बोर्डावर ते डोळ्यांना दिसतच नाही.

पण या मुलांच्या सावनेर-काटोल पट्ट्यात ही विद्या शेवटी संत्र्याच्या बागेतल्या पंपाच्या स्टार्टरला जाऊन भिडते, आणि तिथे सिम्युलेटर अपुरा पडतो. वोक्वीत एलईडी रेझिस्टरशिवायही खुशाल पेटतो. प्रत्यक्षात आर्डुइनो उनो बोर्डाच्या एका पिनवरचा प्रवाह 20 मिलिअँपिअरच्या वर जाऊ नये, आणि 5 व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल मागते सत्तरच्या आसपास. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर हवा. रिले सुटताना कॉइल उलटा व्होल्टेज फेकते, म्हणून तिच्यावर उलटा डायोड हवा. तो विसरला तर ट्रान्झिस्टर जातो किंवा कंट्रोलर मध्येच रीसेट होतो, आणि मुलगा तासभर निर्दोष प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. ओलावा मोजणारा स्वस्त दोन दांड्यांचा सेन्सर मातीत सतत डीसीवर ठेवला की गंजतो आणि खोटे आकडे देऊ लागतो. हे पडद्यावर कधी घडत नाही.

सगळं आधीच जोडून दिलेल्या ट्रेनर किटबद्दल मात्र मला ममत्व नाही. एकामागून एक बॅचने हाताळूनही ती टिकतात, शिक्षकाचा जीव भांड्यात पडतो, हे मान्य. पण त्यावर मुलगा फक्त प्रोग्राम टाकतो, दिवे लुकलुकतात आणि जर्नलवर सही होते. इंटरफेसिंग शिकायचं राहूनच जातं.

8051 की आर्डुइनो, या वादात फार अडकायला नको. 8051 ने रजिस्टर शिकवावीत, आर्डुइनोने पहिल्याच आठवड्यात हात चालू करावा.

माझा कौल असा: प्रोग्राम घरी सिम्युलेटरवर चालवून आणावा, आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी कॉलेजने संगणक कक्ष तासांनंतरही उघडा ठेवावा. प्रयोगशाळेतला वेळ दोघांत एक ब्रेडबोर्ड आणि एक मल्टिमीटर देऊन जोडणीलाच द्यावा. चिपा जळतील, त्यांचा खर्च कॉलेजने धरावा, मुलांकडून वसूल करू नये. परीक्षेतही चालू सर्किटमधली एखादी तार परीक्षकाने काढून ठेवावी आणि बिघाड कसा शोधला, यालाच निम्मे गुण द्यावेत.