नकाराचे ख्रिस्ती अधिष्ठान

ज्या धर्माने मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करण्याची शिकवण दिली, त्या धर्माच्या अनुयायाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारच उरत नाही, आणि जो मर्यादा घालतो त्याची प्रीती तेवढ्या अंशाने खोटी, असा पूर्वपक्ष आमच्या मंडळ्यांतून मोठ्या निष्ठेने मांडला जातो. त्यामागची तळमळ वंदनीय आहे. निष्कर्ष मात्र शुभवर्तमानाला धरून नाही.

कफर्णहूमात सारे लोक शोधीत असताना प्रभू पहाटेच्या एकान्तातून माघारी न वळता पुढच्या गावांना निघाला. वडिलार्जित मिळकतीची वाटणी मागणाऱ्याला, तो अधिकार आपल्याकडे नाही, असे त्याने सांगितले. आणि प्रमुख याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने कारणाचा जाब विचारला. चांगल्या शोमरोन्यानेही जखमी माणसाला उतारशाळेत पोहोचवून, दोन नाणी देऊन व वरचा खर्च परतताना फेडण्याचे कबूल करून, आपला प्रवास पुढे चालू ठेवला.

आमच्याच वर्धा जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली त्या जे. सी. कुमारप्पांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा जमाखर्च या ख्रिस्ती हिशेबतपासनिसाकडे आला, आणि खुद्द गांधीजी परिवारासह तेथे आले असता त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च निधीतून देण्यास कुमारप्पांनी नकार दिला. गांधीजींवरील त्यांच्या प्रेमात तिळमात्र उणेपणा नव्हता. परंतु निधी भूकंपग्रस्तांचा होता आणि दुसऱ्याच्या पैशाने भक्ती करणे त्यांना मंजूर नव्हते. त्या नकाराने स्नेह तुटला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे चिटणीसपद गांधीजींनी कुमारप्पांकडेच सोपविले.

अशाने स्वार्थाला वाट मोकळी होईल, हा आक्षेप मी हलका मानीत नाही. म्हणूनच नकार कोणासाठी दिला, हे तपासले पाहिजे. आमच्या समुद्रपूर तालुक्यात कपाशीच्या हंगामाआधी एखादा भाऊबंद कर्जखतावर जामीनकीची सही मागतो. ज्या सात-बाऱ्यावर बायकामुलांचे पोट आहे तो गहाण पडण्याच्या धास्तीने सही नाकारणारा, पण स्वतःच्या कोठारातून ज्वारीचे पोते त्याच्या घरी पोचविणारा मनुष्य प्रीतीत उणा कसा? परक्याच्या कर्जाला जामीन राहू नये, असे नीतिसूत्रांनीच बजावले आहे. आणि एकमेकांची ओझी वाहण्यास सांगणाऱ्या पौलाने, त्याच अध्यायात, प्रत्येकाचा भार ज्याचा त्याच्यावर ठेवला आहे.

सर्वांत घातक अपसमज मात्र घराच्या उंबऱ्याआड नांदतो. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बहिणीला पंच मंडळी क्षमेचे वचन ऐकवून त्याच घरी परत धाडतात, तेव्हा दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा ज्याचा गाल त्यालाच आहे, दुसऱ्याचा गाल पुढे करण्याचा हक्क कोणालाही दिलेला नाही, याचे भान त्यांना राहत नाही. तिने मनातून क्षमा करावी, आणि मार थांबल्याची खात्री पटेपर्यंत माहेरी किंवा मंडळीच्या आश्रयाला निःशंकपणे राहावे. पाळकांनी पहिली भेट द्यावयाची ती तिच्या नवऱ्याला, आणि पश्चात्तापाची मागणी करावयाची तीही त्याच्याकडेच.