परदेशी वर्गात काय शिकवितात?

बिदर जिल्ह्यातील खटकचिंचोळीस मी परवा एका जुन्या स्नेह्यांकडे उतरलो होतो. घरच्यांनी जमीन तारण ठेवून नातवाला एम. ए. साठी इंग्लंडास धाडले आहे. आजोबांची तक्रार अशी : "आठवड्यास जेमतेम आठ तास वर्ग! बाकीच्या वेळाचे पैसे कशाचे घेतात?" त्यातच पोराचा पहिला निबंध कमी गुणांनी परत आलेला.

आपल्याकडे बहुधा प्राध्यापकांनी सांगावे व विद्यार्थ्याने टिपून घ्यावे. तिकडे वाचनाची यादी आधी हाती देतात. वर्गात यायचे ते वाचून, स्वतःचे मत घेऊन. दुसऱ्याचे वाक्य नाव न सांगता उतरविले, तर ती चोरी. पाठांतरात पहिली येणारी आपली मुले अडखळतात ती येथेच.

बडोदेकरांना हे नवे नसावे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, इतकेच काय, आपले डॉ. केतकरही, एकेकाची व्याख्या घेऊन ती कोठे तोकडी पडते, हे त्यांनी दाखविले. वय पंचवीस! पुढल्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

आजोबांना मी म्हटले, "फोनवर तास मोजू नका. काय वाचलेस, आणि त्यातले काय पटले नाही, ते विचारा."

"पटले नाही, असे प्राध्यापकांच्या तोंडावर बोलायचे?" ते थबकले. "पोरगा लाजाळू आहे हो आमचा."