गाणगापूरला निघालेला रुग्ण

‘पोटात गोळा उठतो’, ‘हातपाय गळतात’ असे आपल्या सीमाभागातील रुग्ण सांगतो, तेव्हा तो मन आणि शरीर यांची फारकत करीत नाही. चरकानेही ती केलेली नाही. अतिसाराच्या सहा प्रकारांत त्याने भयज आणि शोकज हे दोन धरले आहेत. युनानी हकीमही आरोग्याच्या सहा आवश्यक कारणांत मनाची हालचाल व विश्रांती मोजतात. फारकत केली ती आपण, एका रुग्णाला चार मिनिटे देणाऱ्यांनी.

परंतु याच परंपरेचा हवाला देऊन ‘सगळे मनाचेच खेळ’ म्हणणारेही मला मान्य नाहीत. चरकाने दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली. देवकार्य, औषध आणि मनोनिग्रह यांपैकी एकाने दुसरे बंद पाडावे, असे त्यात कोठेही नाही.

हे आठवण्याचे कारण गाणगापूर. भीमा-अमरजा संगमाजवळच्या या दत्तक्षेत्री ‘बाहेरचे झालेले’ रुग्ण महाराष्ट्रातूनही येतात. आरतीच्या वेळी घुमतात, खांबांवर चढतात. आपण हसतो. पण नेमाचे स्नान, माधुकरी, सोबतीला घरचे माणूस, आणि वेडी म्हणून कोणी बोट न दाखवणे, यांतले किती आपण देऊ शकतो?

फिट्सची गोळी घेणारी एक मुलगी माझ्याकडे येत असे. तिच्या आईने गाणगापूरचे नाव काढताच मी फटकारले. त्या गेल्याच, मात्र मला न सांगता, आणि गोळ्या घरी ठेवून. नवव्या दिवशी मुलगी बेशुद्धावस्थेत परत आली. ती वाचली. ‘तुम्ही रागावता म्हणून सांगितलं नाही, साहेब,’ असे आई म्हणाली. चूक देवस्थानाची नव्हती.

तमिळनाडूतील एरवाडी येथे 2001 साली साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. साखळदंडांना 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दुव्याबरोबर मानसोपचारही दिले गेले. आपल्या डॉक्टरमंडळींनी गाणगापूरच्या पुजाऱ्यांशी असे बोलणे का करू नये? दरम्यान, वारीला निघालेल्या रुग्णाला मी आता मुक्कामाचे दिवस विचारतो आणि तेवढ्या गोळ्या, वर चार जास्त, बांधून देतो.